पौर्णिमेच्या आधीची कावीळ

"अगं आई, त्यांच्या विहारातल्या खिरीमुळेच असणार. नाही गं, मी इथलं काहीच घेत नाही. पाणीसुद्धा घरूनच आणते."

प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे माझी सहकारी फोनवर बोलत होती. अलीकडे मी पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर नंबर चिकटवत होते. एक लेबल माझ्या बोटालाच चिकटून राहिलं. तिचा फोन संपेपर्यंत मी ते तसंच राहू दिलं, मग इथे कुणीतरी आहे हे कळावं म्हणून खोकले. तिने डोकावून इंग्रजीत विचारलं, "झाली का लेबलं?"

"होत आली," मी इंग्रजीतच म्हणाले.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. साथीचे रोग कसे पसरतात आणि कसे आवरतात, हा आमचा विषय. उन्हाळ्याच्या प्रोजेक्टसाठी आम्हाला अंबरपेठेतल्या एका आरोग्य केंद्रात पाठवलं होतं. ती पुण्याची, वडिलांच्या आयटीतल्या नोकरीमुळे हैदराबादला आलेली. वर्गात आमची तोंडओळखच होती, केंद्रात एकत्र काम करायला लागून सहा दिवस झाले होते, आणि मला मराठी येतं हे तिला माहीत नव्हतं. मी खोटं काही बोलले नव्हते. माझं नाव कुठल्याही प्रांतात खपून जाईल असं आहे. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, बाहेर हिंदी आणि तेलुगू. मराठी घरात आणि विहारात. ती म्हणाली ते "त्यांचं" विहार आमचं होतं.

माझे आजोबा नांदेडकडून इथे आले. वडील विमा कंपनीत लागले, आम्ही वस्तीतून दोन गल्ल्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, पण पाण्याची लाइन तीच राहिली आणि विहारही तेच. बुद्धपौर्णिमेला तिथे खीरदान असतं. मोठ्या पातेल्यात खीर शिजते आणि सगळी वस्ती द्रोण घेऊन रांगेत उभी राहते. यंदा पौर्णिमेनंतर दोन-तीन आठवड्यांत वस्तीत घरटी कुणाचे ना कुणाचे डोळे पिवळे व्हायला लागले. विहाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी डास, मग कलिंगडं, मग उसाचा रस असे संशय फिरले आणि शेवटी सगळे खिरीवर येऊन थांबले.

ते तिथेच का थांबले, त्यात माझा हात होता.

साथीचा शोध घेताना पहिलं काम असतं ते 'केस' कुणाला म्हणायचं हे ठरवणं. कुठल्या भागातला माणूस, कुठली लक्षणं, आणि कुठल्या तारखेपासून. या तीन गोष्टींत बसेल तो यादीत, न बसेल तो बाहेर. यादीतही माणसांचे तीन रकाने असतात: संशयित, संभाव्य, निश्चित. केंद्राच्या डॉक्टर मॅडम तेलुगू होत्या, शांत आणि कायम घाईत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू इथलीच ना? मग सांग, कुठल्या तारखेपासूनच्या केसेस घेऊ या?"

मी म्हणाले, "पौर्णिमेपासून. त्या दिवशी सगळी वस्ती एकत्र जेवते."

मॅडमनी मान हलवली. मी फॉर्मवर ती तारीख घातली, आणि खाली प्रश्न टाकला: विहारातली खीर खाल्ली होती का?

बाहेरून बघणाऱ्याला हे हुशारीचं वाटलं असतं. पण मी ती तारीख सांगितली त्याचं कारण आमच्या घरात होतं. पौर्णिमेच्या आधी अठरा दिवस आईला कावीळ झाली होती.

आई एका खासगी शाळेत नर्सरीच्या वर्गाला मदतनीस आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात तिला मळमळ सुरू झाली. मी तिचे डोळे बघितले आणि तिला रिक्षात घालून आबिड्सला नेलं. आमच्या भागातल्या लॅबमध्ये जायला ती तयार नव्हती, तिथे रक्त काढणारा मुलगा वस्तीतला. रिपोर्ट मी माझ्याच नावाने ईमेलवर मागवला. औषध मात्र तिने माझं ऐकून घेतलं नाही. आठवडाभर पहाटे उठून मुसी नदीपलीकडे एका म्हाताऱ्याकडे पसरु प्यायला गेली. पसरु म्हणजे कुठल्यातरी पाल्याचा हिरवा रस, उपाशीपोटी घ्यायचा. इकडे कावीळ म्हटलं की निम्मी माणसं डॉक्टरकडे न जाता पसरुवाल्याकडे जातात. मीठ बंद, तेल बंद. शेजारणींना तिने सांगितलं, डोळे आलेत. दोन आठवडे ती घरातही गॉगल लावून बसली. कुकरची शिट्टी मोजतानासुद्धा गॉगल.

पौर्णिमेला आई विहारात गेली नाही, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच झालं. खीर मी डब्यातून आणली. आईने झाकणसुद्धा उघडलं नाही.

तेव्हा ती एकटीच आजारी आहे असं आम्हाला वाटत होतं. नंतर साथ दिसायला लागली, मला केंद्रात जायचं होतं, आणि मॅडमनी तारीख विचारली. पौर्णिमेपासून म्हटलं की आई यादीबाहेर. इतकाच विचार मी केला. त्या तारखेने दुसरं कोण यादीच्या मधोमध येऊन उभं राहणार आहे, हा विचार मी केला नाही.

खीर करायच्या त्या मावशी. सगळी वस्ती त्यांना मावशीच म्हणते. आईची जुनी मैत्रीण, जामबागजवळच्या एका मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकीण. मी आणि माझी सहकारी फॉर्म घेऊन घरोघर फिरत होतो तेव्हा त्यांच्याही दारात गेलो.

तोवरच्या घरांत आमच्याकडे बघायच्या नजरा वेगळ्या झाल्या होत्या. आम्ही पाणीखात्याची माणसं आहोत असं अनेकांना वाटे. आमच्याकडे दिवसाआड दोन तास पाणी येतं. ज्याची मोटर त्याला पाणी, म्हणून लोक लाइनलाच मोटर लावून ओढतात, आणि ते नियमात बसत नाही. "मोटर आहे का?" विचारलं की बायका म्हणत, "नक्को बा, आमच्याकडं कुठली मोटर!" आणि कोपऱ्यात पालथ्या बादलीखालून मोटरची वायर बाहेर आलेली असे. मी वायरकडे बघत नसे. माझी सहकारी बघे आणि काहीतरी लिहून घेई. ती काय लिहिते ते मी तिरक्या नजरेने वाचायचा प्रयत्न करी. तीही माझ्याकडे तसंच बघते की काय, असं मला वाटायला लागलं होतं, कारण वस्तीतल्या बायका माझ्याशी बोलताना मध्येच थांबत आणि मी हिंदीत उत्तर दिलं की गोंधळत.

मावशींनी मात्र तशी सोय ठेवली नाही. दार उघडून म्हणाल्या, "ये माय, ये. ही कोण, मैत्रीण का?" आणि तिच्याकडे वळून, "ही आमचीच पोर हाय बरं. हिच्या बारशाचा सैपाक म्याच केला होता. तवा बी एवढंच बोलायची."

माझी सहकारी हसली. मग हसू तसंच ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

मावशींनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. माझ्या सहकारीने ग्लास हातात धरला आणि धरूनच ठेवला. मी प्यायले, घटाघट, आणि पिताना वाटलं की हा मूर्खपणा आहे. मावशींचं सगळं लक्ष तिच्या ग्लासाकडे होतं.

"प्या की," त्या म्हणाल्या. "का तुम्हाला बी वाटतं माझ्या हातात काही हाय म्हणून?"

"नाही हो मावशी," ती पटकन मराठीत म्हणाली. "आधी तपासू या, मग पिते."

तिने किटमधून काचेची नळी काढली, नळाखाली भरली आणि औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. आम्ही तिघी बघत राहिलो. पाण्याला रंगच आला नाही.

"म्हणजे काय झालं?" मावशी.

"पाणी पिवळं व्हायला हवं होतं," मी म्हणाले. त्यांच्यासमोर हिंदी बोलणं आता शक्य नव्हतं.

"पाणी पिवळं व्हाया पायजे अन् डोळे नाही, असं हाय व्हय? आमच्यात मग उलटंच झालं की!"

त्या स्वतःच हसल्या. मग त्यांनी सांगितलं. हॉस्टेलच्या वॉर्डनला कुणीतरी खिरीचं कळवलं होतं. वॉर्डन म्हणाली, दवाखान्याचा कागद आण की तुझ्यामुळे काही झालेलं नाही, तरच किचनमध्ये पाय ठेव. "बारा वर्सं झाली तिथं. माझ्या हातच्या भाकरी मागून खातात पोरी. नऊ दिसांनी हॉस्टेल उघडतंय. तुम्ही लिहिताल तसं होणार माझं." आणि मला, "तू तर घरचीच हाईस. तू बघशील की नाही?"

मी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे माझं मलाच कळलं नाही.

जिना उतरताना माझी सहकारी म्हणाली, "तू मराठी आहेस."

"हो."

"आठ दिवस झाले."

"हो."

दोन पायऱ्यांनंतर ती म्हणाली, "परवा मी फोनवर आईशी..."

"मी लेबलं लावत होते," मी म्हणाले.

मला वाटलं, आता ही माझ्याकडेही संशयित म्हणून बघेल: वस्तीची माणसं वस्तीला वाचवणार. दुसऱ्या दिवशी केंद्रात तिने भिंतीवर तक्ता लावला होता. आडवे दिवस, आणि ज्या दिवशी जितके आजारी पडले तितके चौकोन एकावर एक. ती रंगीत पेन्सिलीने चौकोन भरत होती. मला वाटलं खिरीविरुद्धचा पुरावा रंगवतेय.

"हे दोन बघ," ती मराठीत म्हणाली. आता ती माझ्याशी मराठीतच बोलत होती, मुद्दाम, आणि मला ते कपडे बदलताना कुणी दार उघडल्यासारखं वाटत होतं. "पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी डोळे पिवळे. खिरीतून झाली असती तर इतक्या लवकर दिसली असती का?"

"नाही," मी म्हणाले. ही कावीळ अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत निदान दोन आठवडे घेते. आम्ही दोघी याच पाठावर परीक्षा देऊन आलो होतो.

"म्हणजे या दोघांना लागण आधीच झालेली. आणि दुसरी गोष्ट, आपण फक्त आजारी लोकांना विचारतोय, खीर खाल्ली का म्हणून. सगळे हो म्हणतात. मी काल दहा धडधाकट माणसांना विचारलं. तेही हो म्हणाले. तिथे खीर न खाल्लेलं माणूसच नाही! मग पौर्णिमेच्या आधीच्या केसेस कुठे आहेत?"

"नोंद नाही."

"नोंद नाही, की आपण विचारलंच नाही?" पेन्सिल तक्त्यावर टेकवून ती म्हणाली. "ही तारीख कुणी ठरवली?"

"मॅडमनी," मी म्हणाले.

ती पुन्हा चौकोनांकडे वळली. आठ दिवस मी तिला तिच्या घरून आणलेल्या पाण्याच्या बाटलीवरून तोलत होते, आणि ती सरळ आकडे बघत होती. मावशींच्या बाजूने त्या खोलीत तीच एकटी उभी होती.

मॅडमना तिने हे सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दोन केसेसच्या तारखा लोक चुकीच्याही सांगतात. पौर्णिमेआधी खात्रीने झालेली एक तरी केस दाखवा, कागदासकट, मग बोलू. रिपोर्ट वर पाठवायचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारात बैठक ठरली, तिथे मॅडम लोकांना कारण आणि काळजी दोन्ही सांगणार होत्या.

कागद माझ्या ईमेलमध्ये होता. आबिड्सच्या लॅबचा, तारखेसकट.

बैठकीच्या दिवशी सकाळी आई आरशासमोर साडीला पिना लावत होती. शाळा उघडायची होती, स्टाफला आधी बोलावलं होतं. मी मागे उभी राहून म्हणाले, "मावशींची नोकरी जाणार आहे."

"माहिती आहे."

"त्यांची काही चूक नाही. पाण्यातूनच आहे. तुला खिरीआधी झाली, एवढं सांगितलं तरी पुरे."

आईने तोंडातली पिन काढली. "नर्सरीच्या पोरांचे डबे कोण उघडतं? मी. नाकं कोण पुसतं? मी. त्यांना कळलं तर ठेवतील मला?"

"तू आता बरी आहेस. दीड महिना होऊन गेला. तुझ्यापासून आता कुणाला काही होत नाही."

"हे तुला माहिती. पोरांच्या आयांना माहिती आहे का?" मग आवाज खाली आणून तिने एक गोष्ट सांगितली, जी तोवर सांगितली नव्हती. पसरुवाल्याच्या रांगेत वस्तीतल्या दोघी होत्या. "त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. कुणी कुणाला ओळख दाखवली नाही. त्या बोलतात का बघ. मग मीच का बोलू?"

"मावशी तुझी मैत्रीण आहे."

"म्हणून मला झोप लागते असं वाटतं तुला?" तिने शेवटची पिन खोचली. जाताना माझ्या गालाला हात लावला. "तू काही बोलणार नाहीस. तू कधी बोलतेस?"

ती रागावून म्हणाली नव्हती. तिला खात्री होती.

संध्याकाळी विहाराच्या पत्र्याच्या शेडखाली सतरंज्या टाकल्या होत्या. पुढे बायका, मागे पुरुष. आई चौथ्या रांगेत होती. मावशी सगळ्यात कडेला, खांबाला टेकून, आणि त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. शेड भरत आली तरी तिथे कुणी बसलं नाही. लोक तिथवर येत, बघत आणि मागे उभे राहत.

मॅडमनी पाणी उकळण्याबद्दल, हात धुण्याबद्दल सांगितलं. मग म्हणाल्या की साथीचं संभाव्य कारण म्हणून पौर्णिमेचं सामूहिक भोजन लिहावं लागेल. "किसीका नाम नहीं लिखते हम. फिकर मत करो."

विहार समितीचे म्हातारे सचिव, ज्यांना सगळे काका म्हणतात, उठून उभे राहिले. "मॅडम, भोजन एकच झालं, अन् ते एकाच बाईनं शिजवलं. नाव कशाला लिहायला पायजे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कागद गेला म्हंजे आमच्या पोरांनाबी उद्या कुणी कामावर घेणार नाही." दुसरी एक बाई म्हणाली, "पण काहीतरी झालं असंलच ना, त्याबिगर का?" आणि तिने मावशींकडे बघायचं टाळलं.

मावशी म्हणाल्या, "म्या पातेल्याजवळून हलले नाही दिवसभर. मलाच माझा वहीम यायला लागला आता." एवढंच. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, रडल्या नाहीत. पदराचं टोक घडी घालत राहिल्या, उलगडत राहिल्या.

माझी सहकारी उठली. तिच्या हातात तिची बाटली नव्हती, हे मी उगाचच बघितलं. स्वच्छ पुणेरी मराठीत ती म्हणाली, "मी एक विचारू का? पौर्णिमेच्या आधी कुणाला कावीळ झाली होती का? डॉक्टरकडे गेला नसाल, पसरु घेतला असेल, तरी चालेल. कुणी रागावणार नाही."

दुसऱ्या रांगेत दोन बायकांनी एकदमच माना खाली घातल्या. त्या कोण, हे मला त्या क्षणी कळलं. आईने मान खाली घातली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, सकाळच्याच खात्रीने, आणि मला वाटलं की त्या खात्रीत थोडी विनवणीही होती. शाळेत तिचं काय होईल हे मला माहीत नव्हतं. आजही मी त्याचा विचार करते तेव्हा मला माझं वागणं बरोबर वाटतं आणि तिच्या तोंडाकडे बघवत नाही, दोन्ही एकाच वेळी.

"कुणीच नाही?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी उभी राहिले. माझा आवाज मला हवा तितका मोठा निघाला नाही, म्हणून पहिलं वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं.

"माझ्या आईला झाली होती. माझ्या आईला झाली होती, मॅडम, पौर्णिमेच्या अठरा दिवस आधी. रिपोर्ट माझ्याकडे आहे. फॉर्मवर पौर्णिमेची तारीख मी घातली, ती चूक माझी आहे, मावशींची नाही."